वीतभर अंतरावरचा समुद्र

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, की आपण हंड्यात तुरटी फिरवतो आणि गाळ तळाशी बसेपर्यंत वाट पाहतो. पण समुद्राला तुरटी कोण फिरवणार? आपल्या कोकणच्या समुद्रात बुडी मारून ज्यांना फोटो काढायचे असतात, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो. टीव्हीवर दिसणारं निळंशार, काचेसारखं पाणी लक्षद्वीपला मिळतं, अंदमानला मिळतं. मालवण-तारकर्लीला ते क्वचितच मिळतं. चांगल्या दिवशी खाली बऱ्यापैकी दिसतं. वाईट दिवशी हात लांब केला तर आपलीच बोटं धूसर होतात.

मैत्रिणींनो, विषय वाचून तुम्ही म्हणाल, पाण्याखालचा कॅमेरा आणि त्याची लेन्स यांच्याशी आपला काय संबंध? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या बैठकीत हा विषय कर्जाच्या अर्जाच्या रूपानं समोर आला. शिलाई मशीन, म्हैस, काजू प्रक्रिया, खानावळ यांच्यासाठी गटानं आजवर कर्जं दिली होती. लेन्ससाठी अर्ज पहिलाच. अर्जदार एका सभासदाची मुलगी. तिनं स्कूबा डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. हंगामात ती पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जाते. तिला आता पाण्याखालच्या लहान जीवांचे फोटो काढायचे होते. पर्यटकांना द्यायला, अभ्यासकांना दाखवायला आणि मुख्य म्हणजे स्वतःसाठी. पैसा गटाचा, म्हणजे पंधरा घरांचा. तेव्हा निर्णयाआधी समजून घेणं भागच होतं. मी कला शाखेची, भौतिकशास्त्राशी दहावीनंतर फारकत झालेली. पण त्या निमित्तानं जे वाचलं, विचारलं आणि तपासून पाहिलं, ते इतकं रंजक निघालं, की तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

गढूळ म्हणजे घाण नव्हे

आधी पाणी गढूळ का होतं ते पाहू. आपल्या किनाऱ्यावर गड नदी, कर्ली नदी आणि लहानमोठे वहाळ समुद्राला मिळतात. पावसात ते डोंगरातली लाल माती घेऊन येतात. किनारा उथळ, तळ वाळूचा. त्यामुळे लाटांनी आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं तळ सतत ढवळला जातो. शिवाय पावसाळ्यानंतर पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती आणि जीवांची, म्हणजे प्लवकांची, भरमसाठ वाढ होते. हे प्लवक म्हणजे समुद्रातल्या असंख्य जीवांचं अन्न. आपल्याला जो गढूळपणा वाटतो, तो पुष्कळ वेळा माशांची भरलेली पंगत असते! आपल्या कोकणात मासळी आहे ती या पाण्यामुळेच.

मालवणचा समुद्र म्हणूनच जीवांनी समृद्ध आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळं आहेत. १९८७ मध्ये इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळांच्या आणि खडकांच्या आधारानं समुद्रफुलं, रंगीत बिनशंखी गोगलगायी, इवल्या कोळंब्या, शंखात राहणारे खेकडे असं मोठं जग इथे नांदतं. यातले कित्येक जीव आपल्या नखाएवढे असतात. ते पाहायला दूरचं स्वच्छ दिसण्याची गरजच नाही. गरज आहे ती जवळ जाण्याची. मॅक्रो लेन्स नेमकं तेच काम करते.

घाटातलं धुकं आणि पाण्यातला फ्लॅश

आंबोलीच्या घाटात धुकं दाटलं, की ड्रायव्हर गाडीचे दिवे डिपरवर घेतो. अपर मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा प्रत्येक थेंब उजेड आपल्याकडेच परत फेकतो. पाण्यात नेमकं हेच होतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडतो, पाण्यात तरंगणारे मातीचे आणि प्लवकांचे कण चमकतात आणि फोटोत मासा कमी, बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके जास्त. डायव्हर मंडळी याला ‘बॅकस्कॅटर’ म्हणतात.

फ्लॅश न वापरून भागत नाही. पाणी उजेडातले रंग एकेक करून पिऊन टाकतं. सगळ्यात आधी लाल रंग जातो. पाचेक मीटर खाली गेलं तरी लालभडक वस्तू तपकिरी, करडी दिसू लागते. रंग हवे असतील तर उजेड सोबत न्यावाच लागतो.

मग उपाय काय? तर लेन्स आणि जीव यांच्यामधलं पाणीच कमी करायचं. दोन हात पाण्यात जेवढे कण असतील, त्याच्या कितीतरी कमी कण वीतभर पाण्यात असतील. बाकी सगळी तंत्रं या एका गोष्टीच्या मागून येतात. गढूळ पाण्यात दूरचा देखावा टिपायचा हट्ट सोडावा आणि वीतभर अंतरावरच्या जीवाकडे पाहावं.

साध्या लेन्सला इतक्या जवळचं स्पष्ट दिसत नाही. मॅक्रो लेन्स मुळात जवळचं पाहण्यासाठीच घडवलेली असते. खऱ्या मॅक्रो लेन्सची खूण म्हणजे ‘१:१’ हे प्रमाण. म्हणजे एक सेंटिमीटरचा जीव कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटतो.

साठ की शंभर?

आता खरा पेच. दुकानात मॅक्रो लेन्स मागितली की ६० मिलिमीटर, ९० मिलिमीटर, १००-१०५ मिलिमीटर असे आकडे समोर येतात. सर्वसाधारण समज असा, की आकडा मोठा ती लेन्स भारी. पाण्याबाहेर, फुलपाखरांसाठी हे पुष्कळदा खरंही असतं. मोठ्या आकड्याची लेन्स दुरूनही जीव मोठा दाखवते, तो घाबरून उडत नाही. पण गढूळ पाण्यात हे ‘दुरून’च आपल्याला नडतं.

उदाहरण घेऊ. कॅननची जुनी ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सुमारे २० सेंटिमीटरवरचं टिपू शकते. त्यांच्याच १०० मिलिमीटरच्या मॅक्रोला तेच काम सुमारे ३० सेंटिमीटरवरून करावं लागतं. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. लेन्सची लांबी वजा केली, की प्रत्यक्षात मध्ये उरणारं पाणी आणखी कमी भरतं. पण एकाच जीवाचा एवढाच फोटो काढायला शंभरच्या लेन्सला साठपेक्षा जास्त पाण्यातून पाहावं लागतं, हे मात्र कायम. शिवाय शंभरच्या लेन्समधून दिसणारा भाग अरुंद असतो. लाटेनं शरीर हलत असताना नखाएवढा जीव त्या अरुंद खिडकीत सापडवणं म्हणजे हलत्या एसटीत सुईत दोरा ओवणं. कमी उजेडात अशी लेन्स फोकससाठी चाचपडते, मागेपुढे होत राहते, आणि तेवढ्यात खेकडा बिळात जातो.

म्हणून साधारण नियम असा: पाणी स्वच्छ आणि जीव बुजरा, तर शंभर, पाणी गढूळ आणि जीव एका जागी बसणारा, तर साठ. बिनशंखी गोगलगाय, समुद्रफूल, प्रवाळ हे काही पळून जात नाहीत.

मात्र आकडा एकटा वाचू नये. तो कॅमेऱ्याच्या सेन्सरसोबत वाचायचा. मध्यम सेन्सरच्या कॅमेऱ्याला साठची लेन्स जेवढा भाग दाखवते, साधारण तेवढाच भाग मोठ्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ सेन्सरच्या कॅमेऱ्यात नव्वद-शंभरची लेन्स दाखवते. त्या मोठ्या कॅमेऱ्याला साठ लावली तर इवल्या जीवाच्या इतकं जवळ जावं लागतं, की कॅमेऱ्याची सावलीच त्याच्यावर पडते. म्हणून फुल फ्रेमवाले नव्वद ते एकशे पाचमध्येच राहतात. उलट, ऑलिंपससारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला साठची लेन्स एकशे वीससारखी वागते. तिथे गढूळ पाण्यासाठी ३० किंवा ४५ मिलिमीटरची मॅक्रो बरी. दुकानदारानं नुसता आकडा सांगितला, तर ‘कुठल्या कॅमेऱ्याला?’ हे विचारायला विसरू नका.

पाण्यातली चाळिशी

आमच्या मुलीचा अर्ज मोठा कॅमेरा, शंभरची मॅक्रो लेन्स, पाणी आत न जाऊ देणारी पेटी म्हणजे ‘हाउसिंग’, पुढची काच म्हणजे ‘पोर्ट’ आणि बाहेरचा फ्लॅश अशा सगळ्यासाठी होता. गंमत अशी, की या सगळ्यात पेटीची किंमत पुष्कळदा कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरते! एकूण आकडा लाखांत गेला. बैठकीत शांतता पसरली. मग एका वयस्कर सभासदानं मुद्द्याला हात घातला, “पावसात डायविंग बंद. मगे चार म्हयने हप्तो कसो भरतलंस?”

प्रश्न बिनतोड होता. जूनपासून समुद्र खवळतो, हंगाम बंद होतो तो ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. तेवढा काळ कमाई शून्य. आणि आणलेली वस्तू दुरुस्तीला मुंबईला पाठवावी लागणारी. मुलीचा चेहरा उतरला. पण कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ‘कमी खर्चात काय होईल ते बघून ये’ असं सांगून गटानं तिला महिनाभराची मुदत दिली.

महिन्यानं ती आली ती ‘वेट लेन्स’ची माहिती घेऊन. ही लेन्स कॅमेऱ्याला नव्हे, पेटीच्या बाहेरून लावायची. पाण्यातच लावता येते, पाण्यातच काढता येते. तिचं तत्त्व आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चाळिशी ओलांडली, की तांदूळ निवडायला, पेपर वाचायला आपण अधिक नंबरचा चष्मा लावतो, तोच हा प्रकार. वेट लेन्सलाही चष्म्यासारखाच नंबर असतो, +५, +१० असा. +५ लावली, की साधारण २० सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. +१० लावली, की १० सेंटिमीटरपलीकडचं. वाचायचा चष्मा लावून खिडकीबाहेर पाहिलं की जसं अंधुक दिसतं, तसंच. स्वच्छ पाण्यात ही अडचण वाटेल. गढूळ पाण्यात मात्र ती चांगलीच सवय लावते. जवळ गेल्याशिवाय ती फोटो काढूच देत नाही.

लहान, खिशात मावणारे कॅमेरेही आता यासाठी पुरतात. ऑलिंपसच्या ‘टफ’ मालिकेतला टीजी-६ (२०१९) आणि त्यानंतर ओएम सिस्टीम या नावानं आलेला टीजी-७ (२०२३) हे पेटीशिवायही १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतात. त्यांच्यातल्या ‘मायक्रोस्कोप’ सोयीनं लेन्सपासून अवघ्या एका सेंटिमीटरवरचं टिपता येतं. खोल जायचं तर त्यांच्यासाठीची पेटी ४५ मीटरपर्यंतची आहे. मोठ्या कॅमेऱ्याइतका तपशील यात मिळणार नाही, हे खरं. पण शिकणाऱ्या हाताला आणि बेताच्या खिशाला तो सोसतो.

बैठकीत तिनं पेटीच्या कडेची रबरी रिंग दाखवली. हिला ‘ओ-रिंग’ म्हणतात. हिच्यात वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत जातं आणि कॅमेरा संपतो. प्रत्येक वेळी ती पुसायची, तपासायची, किंचित ग्रीस लावायचं, बाहेर आल्यावर सगळी पेटी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची. एक काकू लगेच म्हणाल्या, “म्हणजे आमच्या कुकराच्या रिंगेसारखाच मां!” अगदी तसंच. मला वाटतं, कर्ज मंजूर झालं ते त्या क्षणी. वस्तू सांभाळायची रीत समजली, की बायकांना तिची भीती वाटत नाही. छोटा कॅमेरा, पेटी, एक वेट लेन्स आणि एक बॅटरी एवढ्यासाठी गटानं कर्ज दिलं. हप्ते हंगामाच्या आठ महिन्यांतच घ्यायचे ठरले.

लेन्सच्या जोडीला

निव्वळ लेन्स घेऊन काम भागत नाही. लहान कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्यामुळे मधले कणच आधी उजळतात. उजेड बाजूनं यायला हवा. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून दूर, एखाद्या दांडीवर बसवतात. दिव्याच्या तोंडाला नरसाळ्यासारखी नळी लावली, तर उजेडाचा गोल फक्त जीवावरच पडतो. आजूबाजूचे कण अंधारात राहतात, म्हणजे फोटोतही येत नाहीत. या नळीला ‘स्नूट’ म्हणतात. आपल्या घरात कौलातून येणाऱ्या कवडशातच धूळ दिसते, बाकी खोलीत नाही. तसंच हे.

दुसरी गोष्ट स्वतःच्या शरीराची. तळाजवळ पाय आपटले, की गाळ उसळतो आणि उरलंसुरलं दिसणंही बंद होतं. पाण्यात तरंगत स्थिर राहायची कला आधी यावी लागते. प्रवाहाकडे तोंड करून राहिलं, तर आपण उडवलेला गाळ मागे वाहून जातो. प्रवाळावर हात टेकायचा नाही, पाय ठेवायचा नाही. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. फोटोसाठी जीव उचलून दुसरीकडे ठेवणं हेही वाईटच. म्हणून जाणकार सांगतात, आधी डायव्हिंग शिका, मग कॅमेरा धरा. पर्यटक म्हणून पहिल्यांदाच हात धरून पाण्यात उतरणाऱ्या मैत्रिणींनी कॅमेऱ्याचा मोह टाळावा. तेवढा वेळ डोळे भरून पाहावं.

पाण्यात उतरलेल्या बायका

“मुलीच्या जातीला समुद्राच्या तळाशी काय काम?” हा प्रश्न बैठकीतही कुजबुजला गेलाच. त्याचं उत्तर जुनं आहे. व्हिएन्नात १९२८ मध्ये जन्मलेली लोटे हास समुद्र-संशोधक हान्स हास यांच्याकडे सेक्रेटरी म्हणून लागली. मोहिमेवर बाईला नेत नाहीत म्हटल्यावर तिनं डॅन्यूब नदीच्या पाण्यात स्वतः बुड्या मारून फोटो काढले. पुढे ती तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेली आणि पाण्याखालच्या फोटोग्राफीतल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. तिची सुरुवातही जवळ होतं त्या पाण्यातच झाली.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी स्वतः होड्या वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवायला सुरुवात केली. ओहोटीला खडपात जाऊन कालवं फोडणाऱ्या, तिसऱ्या आणि मुळे गोळा करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना समुद्राचा तळ पायांनीच ठाऊक होता. मुंबईसारख्या ठिकाणीही २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला आणि गिरगाव, जुहूच्या गढूळ किनाऱ्यावर किती जीव राहतात ते लोकांना फोटोंतून कळलं. त्यातले पुष्कळसे फोटो बुडी न मारता, ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत काढलेले आहेत. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या मैत्रिणी मोबाइलला चिमट्यानं लावायची छोटी मॅक्रो लेन्स घेऊनही हे करू शकतील. फक्त भरतीची वेळ पंचांगात पाहून निघायचं आणि पायांत पकड असलेली चप्पल घालायची.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकांत हप्त्याच्या नोंदीनंतर फोटो पाहण्याचा कार्यक्रम होऊ लागला आहे. मुलगी फोटो मोठे करून दाखवते आणि कालवं काढणाऱ्या बायका सांगतात, “ह्या तर आमच्या खडपार असता. थंडीत जास्त.” मुलगी ते वहीत लिहून घेते: जागा, महिना, पाणी कसं होतं. पुस्तकात शोधून तिला जे नाव सापडतं, ते त्यांना सांगते. त्या ज्या नावानं हाक मारतात, ते शेजारी लिहिते. कॅमेऱ्याला दिसलेलं आणि बायकांच्या हातांना माहीत असलेलं असं एकाच पानावर यायला लागलं आहे. किनाऱ्यावर बांधकामं वाढताहेत, पाणी बदलतंय. पुढे कधी कुणी विचारलं, की इथे पूर्वी काय होतं, तर निदान एक वही तरी दाखवता येईल.

तेव्हा घरातल्या मुलीनं किंवा सुनेनं असं काही वेगळं मागितलं, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. कुठल्या पाण्यात वापरणार, किती जवळ जाता येईल, कशी सांभाळणार आणि हप्ता कुठल्या महिन्यांत भरणार, एवढं विचारा. तिच्याकडे उत्तरं असतील, तर खुशाल पाण्यात उतरू द्या.